ताप उतरल्यानंतर

आईच्या तेरवीला लोक तिची जी गोष्ट सांगून हसले, ती त्यांना मीच पुरवली होती. आठ वर्षांपूर्वी, आमच्याच अंगणात उभं राहून.

आमचं गाव सानगडीहून पायी तासाभराच्या अंतरावर, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून. आम्ही ढिवर. तलाव मासेमारांच्या सोसायटीकडे असतो आणि पाणी उतरलं की मोठं जाळं ओढतात. त्या दिवशी प्रत्येक घरातून नवरा-बायको दोघांनी पाण्यात उतरायचं. मासळीचा वाटा घरामागे नसतो, पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसामागे असतो. उतरला नाही त्याला वाटा नाही. एक सूट मात्र फार जुनी. ज्याच्या अंगात ताप आहे त्याला कोणी पाण्यात ओढायचं नाही आणि त्याचा वाटाही तोडायचा नाही. कंबर धरली, चक्कर आली, हात उचलेना, ही दुखणी त्यात बसत नसत. हिवतापानं घराघरातली माणसं नेली होती, त्यामुळे असेल, पण आमच्याकडे ताप हाच आजार होता. बाकी सगळा अंगचोरपणा.

आई, जमुनाबाई, चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात आजारी पडली. मी तेव्हा सातवीत होते. आधी घसा धरला, मग ताप आला, आणि जबड्याखाली नि काखेत गाठी आल्या, पहिल्यांदा हरभऱ्याएवढ्या, पुढे बोराएवढ्या. चारपाच दिवसांनी बरं वाटलं म्हणून ती धानाच्या रोवणीला गेली. तिसऱ्या दिवशी तिला चुलीपुढून उठता आलं नाही. मग हेच चालू राहिलं. ताप फार चढायचा नाही, पण जायचाही नाही. सकाळी उतरायचा, दुपारनंतर पुन्हा यायचा. काम केलं की त्या दिवशी काही व्हायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती अशी पडायची की पाणी पाजायला मान धरावी लागे.

दर पंधरा दिवसांनी भय्याजी सायकलवरून यायचे. ते सरकारचे हिवतापवाले. दारात उभे राहून विचारायचे, "कोणाले ताप?" आणि दर्शनी भिंतीवर आखलेल्या चौकोनात तारीख टाकून सही करायचे. आईच्या बोटाला टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचे, कडू गोळ्या द्यायचे आणि महिन्याभरानं सांगायचे, "रक्तात काई निघालं नाई." गोळ्या मात्र पुन्हा द्यायचे. त्या गोळ्यांनी आईला ओकाऱ्या होत. मासळीच्या वासाची आम्हाला कधीच घाण आली नाही, तो आमचा रोजचा वास. पण त्या कडू ओकारीचा वास तीन वर्षं आमच्या घरात होता आणि तो साफ करायचं काम माझं होतं. नाकाला पदर लावायला माझ्याकडे पदर नव्हता. मी श्वास धरून राख टाकायचे आणि खराट्यानं लोटायचे. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला भय्याजींनी पिशवीतून एक जुना थर्मामीटर काढून मला दिला.

"आईबापानं तुहं नाव पुस्तकला ठेवलं, तं वाचता येत असन," ते म्हणाले. "ह्या बाणाच्या वर पारा गेला तं ताप. खाली तं नाई. रोज लिहून ठेव, म्हणजे मले विचारत बसा लागत नाई."

वहीचं पान वाया घालवायचं नाही म्हणून मी भिंतीवरच, त्यांच्या चौकोनाखाली, कोळशानं लिहू लागले. सकाळ आणि संध्याकाळ. नव्याण्णव पॉइंट सहा. शंभर. शंभर पॉइंट चार. आमच्या घरात लिहिलेली वस्तू दुसरी नव्हती. बाबा चौथी शिकलेले होते, त्यांना आकडे वाचता येत. जाळ्यावरून आले की ते आधी भिंतीपुढे उभे राहायचे, मग आईकडे पाहायचे. आईला वाचता येत नव्हतं. ती एवढंच विचारायची, "बाणाच्या वर हाय का?" मी हो म्हटलं की ती डोळे मिटायची. मी तिला आकडे शिकवावेत हे मला कधी सुचलं नाही, आणि तिनंही कधी मागितलं नाही.

लवकरच ही भिंत सगळ्या गावाची झाली. श्यामलालकाका सोसायटीचे अध्यक्ष. जाळं ओढायच्या सकाळी ते माणसं घेऊन घराघरापुढून जायचे आणि आमच्या अंगणात आले की भिंतीला नाक लावून वाचायचे आणि बाबांना नावानं हाक मारून सांगायचे.

"शंभर हाय, इतवारी. झोपू दे तिले."

शेजारच्या घरात मोठी माय राहायची, बाबांच्या थोरल्या भावाची बायको, सखाबाई. ती टोपली कमरेला लावून पाण्याकडे जाता जाता म्हणायची, "आमच्या भितीवर तं गोवऱ्याच हाय बा. राणीच्या भितीवर आकडे. मरा आम्ही पाण्यात."

आई ते ऐकत असे. तिच्या चेहऱ्यावर त्यातलं काही दिसत नसे. पण मला आठवतं, ती मोठी माय गेल्यावर मला म्हणायची, "आज मोठा काढ आकडा. उद्या जाळं हाय." मी म्हणायचे, आकडा काढता येत नाही माय, तो येतो. मला हे वाक्य फार आवडायचं.

तीन वर्षं त्या आकड्यांनी आईला पाण्याबाहेर ठेवलं. मी पहाटे पाणी भरायचे, भात रांधायचे, बाबांनी आणलेली मासळी सानगडीच्या बाजारात विकून मग शाळेत जायचे. हाताला खवले चिकटलेले असायचे, वर्गातल्या मुली बाकावर सरकून बसायच्या. मला आईची दया यायची आणि तिचा कंटाळाही यायचा. हे दोन्ही खरं आहे म्हणून लिहिते.

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात आकडे उतरू लागले. आधी आठवड्यातून दोन दिवस ताप नसायचा, मग चार. काखेतल्या गाठी हाताला लागेनाशा झाल्या. दिवाळीच्या आधी सलग वीस दिवस पारा बाणाच्या वर गेला नाही. भय्याजींनी दारात थांबून भिंत वाचली आणि टोपी काढली. बाबांनी पाळीवरच्या देवापुढे नारळ फोडला. दिवाळीला घर पोतताना छुईच्या पांढऱ्या मातीनं मी ती भिंत माझ्या हातानं पोतली. तीन वर्षांचे आकडे दोन हातांत गेले. मला आनंद झाला होता.

आई दाराशी बसून पाहत होती. ती म्हणाली, "मले अजून बरं वाटून नाई राहिलं."

"तीन वर्षं अंथरुणात गेली," बाबा म्हणाले. "आता हातपाय हालव, म्हणजे वाटन."

तिला आता आधीपेक्षा जास्त होत होतं, पण ते दिसण्यासारखं नव्हतं. आधी निदान अंग तापायचं, डोळे लाल व्हायचे, गाठी दाखवता यायच्या. आता ती थंड असायची. अंगाला हात लावला तर ओल्या मडक्याला लावल्यासारखं वाटे. दुपारचं ऊन तिला डोळ्यांत सहन होत नसे. शब्द विसरायची. 'गडवा दे' म्हणायचं असेल तर हातानं तांब्याचा आकार करून दाखवायची. हातातून भांडं पडायचं. जानेवारीत जाळं ओढायला गेली, सकाळभर कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली, स्वतःच्या पायांनी घरी आली. तिसऱ्या दिवशी पडली ती सहा दिवस. मी रोज थर्मामीटर लावला. बाणाच्या खाली.

"नखऱ्याले आकडा नसते," मोठी माय म्हणाली. "जमना, ऊठ वं. तीन वर्षं झोपलीस तं सवय लागली."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. ताप नाही. त्या मान हलवण्यात मी फार अचूक होते.

अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात मी दहावीची परीक्षा देऊन बसले होते. साकोलीला अकरावी करायची, विज्ञान घ्यायचं ठरलं होतं. गावात येणाऱ्या-जाणाऱ्याची पुस्तकं मी मागून वाचत असे आणि आपल्याला सगळं कळतं असं मला वाटत असे. तलावाचं पाणी तळाला गेलं होतं, वर्षातलं शेवटचं मोठं जाळं होतं. आदल्या आठवड्यापासून आई नीट उभी राहत नव्हती. सकाळी श्यामलालकाका दहाबारा माणसांसह अंगणात आले. मोठी माय, बाबा, सगळे तयार.

"चाल जमनाबाई," काका बाहेरून म्हणाले.

आतून आई म्हणाली, "मले ताप हाय."

अंगणात कोणी तरी खाकरलं. बाबा म्हणाले, "पुस्तकला, पाय बरं किती हाय."

मी आत गेले. तिनं माझ्या हातातून थर्मामीटर घेतला. "मीच लावतो. तू तेवढं बाबाले पान नेऊन दे." मी पान घेऊन बाहेर गेले, परत आले. तिनं तोंडातून थर्मामीटर काढून माझ्या हातात दिला. पारा एकशे आठच्या पुढे जाऊन नळीच्या टोकाला टेकला होता. त्या आकड्याला माणूस जिवंत राहत नाही. काचेला चहाची एक पत्ती चिकटलेली होती. चुलीच्या कडेला काळ्या चहाची वाटी होती आणि तिच्यातून वाफ निघत होती.

आई माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिचे ओठ चहानं ओले होते. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून किती वेळ बुडवायचा हे तिला माहीत नव्हतं. तिनं विचारलं, "बाणाच्या वर हाय का?"

मला तिची किळस आली. त्या पत्तीची, त्या ओल्या ओठांची, तिच्या डोळ्यांतल्या लाचारीची. इतकी किळस मला तिची ओकारी साफ करताना आली नव्हती. मला वाटलं, तीन वर्षं मी जे भिंतीवर लिहिलं ते सगळं असंच होतं की काय. वाटी कधीपासून चुलीशी असायची?

मी बाहेर जाऊन एकशे एक म्हटलं असतं तर झालं असतं. थर्मामीटर माझ्या हातात होता, काकांना भिंतीवरचे मोठे आकडेही नाक लावूनच दिसत, आणि बाबांशिवाय तो वाचू शकणारं तिथे कोणी नव्हतं. बाबांनीही तो हातात घेतला नसता. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

मी अंगणात आले, थर्मामीटर सगळ्यांना दिसेल असा उंच धरला आणि म्हणाले, "माय चहात बुडवते."

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग मोठी माय हसली. तिच्यामागे सगळे. श्यामलालकाका गुडघ्यावर हात ठेवून हसले. "अगे माय वं! चहाले ताप आला, चहाले." बाबा हसले नाहीत. ते आत गेले, आईच्या दंडाला धरून तिला बाहेर आणलं, आणि ती त्यांच्याबरोबर पाळीवरून खाली उतरत गेली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. मी थर्मामीटर राखेनं घासून धुतला.

त्यानंतर तिला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त हसत राहिले. आई पाण्याला निघायला उशीर करू लागली की कोणी तरी विचारायचं, "काय जमनाबाई, चहा झाला का?" लग्नात, बाजारात, विहिरीवर. पोरांनाही ते येत होतं. आईनं दिवसा अंथरुणावर पडणं सोडलं. चुलीशेजारी भिंतीला पाठ लावून बसायची आणि तशीच बसून असायची. तिच्या डोक्याच्या तेलानं भिंतीवर काळपट वर्तुळ पडलं होतं. दर जाळ्याला ती उतरली. दर जाळ्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आठवडाभर ती त्या वर्तुळाला टेकून असायची, डोळे उघडे ठेवून, कारण मिटले तर झोपली म्हणतील.

मी शिकले. साकोली, मग भंडारा, मग जवाहरनगरच्या शाळेत ग्रंथपालाची नोकरी. तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या वसाहतीत एका खोलीत राहत होते, महिन्या-दोन महिन्यांनी गावी जात होते. आईशी मी चांगली वागत होते. तिच्यासाठी लुगडी नेत होते. त्या सकाळीबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

चौऱ्याऐंशी साली शाळेच्या वाचनालयात वासुदेवराव नावाचे निवृत्त डॉक्टर वर्तमानपत्रं वाचायला यायचे. आयुष्यभर सरकारी दवाखान्यांतून फिरलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. एकदा कशावरून तरी विषय निघाला आणि मी त्यांना आईचं सांगितलं. चहाचं सोडून. ते फार वेळ प्रश्न विचारत राहिले. घसा धरला होता का. गाठी कधी गेल्या. कष्ट केल्यावर त्याच दिवशी की तिसऱ्या दिवशी. भिंतीवरचे आकडे मला आठवत होते तेवढे मी सांगितले.

"म्हणजे तीन वर्षं ताप, आणि मग सगळं गप्प," ते म्हणाले. "आणि गप्प झाल्यावर बाई जास्त खचली."

"हो. ताप गेला म्हणून आम्ही नारळ फोडला."

त्यांनी चष्मा काढला. "असे पाच-सहा रोगी मी पाहिले आहेत. पुस्तकात याचं काही पक्कं नाही, बाहेरच्या देशात दोनतीन नावं घेतात, त्यांचंही एकमत नाही. मी आपला माझा अंदाज सांगतो. ताप म्हणजे रोग नव्हे. ताप म्हणजे अंगातली राखणदारी जागी असल्याची खूण. गाठीही तीच खूण. पहिली दोनतीन वर्षं ही राखण रात्रंदिवस ओरडत राहते, कशाविरुद्ध ते तिलाही कळत नाही. मग एक दिवस ओरडणं बंद होतं. आपण समजतो चोर गेला. पण कधी कधी राखणाऱ्याचाच घसा बसलेला असतो. त्या बाईला आता खरोखरचं काही झालं ना, तरी ताप येईल की नाही मला शंका आहे. जपा त्यांना."

मी त्यांना पाणी आणून दिलं. मग कपाटांमागे जाऊन उभी राहिले. तिथे पुस्तकांना वाळवी लागू नये म्हणून टाकलेल्या औषधाचा वास होता. तो तसा कडू नव्हता, तरी मी श्वास धरला.

त्या शनिवारी मी गावी गेले. बाबांना सांगितलं. ते जाळ्याची फाटलेली जागा विणत होते. म्हणाले, "म्हणजे ताप नसलेला ताप." मग दातानं दोरा तोडून म्हणाले, "डाक्टर मोठा असन. पण हे सोसायटीत कोण ऐकन?"

आईला मी चुलीपाशी बसून सांगितलं. राखणदाराचं जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकत होती. मी थांबल्यावर ती म्हणाली, "मले तं मालूमच होतं ना, मी बरी नाई म्हणून. तुले मालूम नव्हतं."

"हो."

"आता झालं तुले मालूम."

"हो, माय."

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. तिला ते एका हातानं जमलं नाही, दुसरा हात लावला. मग म्हणाली, "श्यामलालले सांगशील? सगळे असतीन तेव्हा. अंगणात. तेव्हा सांगतलं होतंस तसंच."

सहा वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हटलं, सांगते. पुढच्या जाळ्याला येते आणि सांगते.

पुढच्या जाळ्याला शाळेची परीक्षा होती. त्याच्या पुढच्या जाळ्याला मी गावात होते. अंगणात सगळे जमले, काका म्हणाले, "चाल जमनाबाई," आणि आई माझ्याकडे पाहत उभी राहिली. मला शब्द जुळवता येईनात. राखणदार, घसा, सगळं त्या अंगणात वेड्यासारखं वाटलं असतं. आणि त्यांनी विचारलं असतं, मग चहात कोणी बुडवला होता? मला पुन्हा तो थर्मामीटर वर धरावा लागला असता. मी म्हटलं, "मायचा हात धरून न्या, बाबा." आई खाली मान घालून निघाली. पुढच्या खेपेला, मी मनात म्हटलं.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत जाळं ओढलं तेव्हा मी जवाहरनगरला होते. नवव्या दिवशी फॅक्टरीच्या बसनं येणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं निरोप आणला, माय उठून नाही राहिली, बाबा म्हणतात काळजी नाही, सवडीनं ये. मी त्याच दिवशी निघाले.

आई त्या काळ्या वर्तुळाखाली आडवी पडली होती. श्वास छातीतून नाही, गळ्याच्या खळगीतून चालू होता आणि आत पाणी हलवल्यासारखा आवाज येत होता. ओठांचा रंग जांभळा. मी कपाळावर हात ठेवला. गार.

"ताप नाई," बाबा लगबगीनं म्हणाले. "मी रोज पाह्यलं. तू लिहायची तसंच लिहून ठेवलं."

त्यांनी दर्शनी भिंतीकडे हात केला. भय्याजींच्या चौकोनाच्या जागेखाली कोळशानं वेडेवाकडे आकडे होते. सत्त्याण्णव. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव. नऊ दिवस, सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवला नव्हता. ताप येईल तेव्हा साकोलीला न्यायचं ठरवून ते नऊ दिवस थांबले होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी शाबासकी देईन अशी वाट पाहणं होतं. ते माझ्याकडूनच शिकले होते.

जीप मिळायला दुपार झाली. सानगडी मागे टाकल्यावर थोड्याच वेळात गळ्यातला आवाज थांबला. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ते जड झालं, एवढंच. ड्रायव्हरनं विचारलं, पुढे जायचं का? बाबा म्हणाले, जा ना, ताप नाही तिले.

तेरवीला पाळीवरच्या झाडाखाली पंगत बसली. भात आणि मरळीचं कालवण. मासळी त्याच तलावातली. आईनं शेवटी ओढलेल्या जाळ्यातला तिचा वाटा घरी आला होता, तो ती पडलेली असतानाच खाऊन संपला होता. बाबांनी मला हे सांगितलं नव्हतं, ते मोठी मायनं सांगितलं, कौतुकानं. "आपला वाटा कमवून गेली बाई."

लोक तोंडात काटे चाळत, हाताच्या मुठीत काढून पानाच्या कडेला ठेवत बोलत होते. सगळे चांगलं बोलत होते. श्यामलालकाका म्हणाले, "शेवटल्या दिवसापर्यंत पाण्यात उभी होती. कुरकुर नाई. पहिले थोडी कामचुकार होती, पण मंग सुधरली." त्यांची मिशी रश्शानं चिकट झाली होती. मग ते हसू लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, प्रेमानं. "याद हाय का बे, चहाचा ताप?" आणि पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते पोचलं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना शेजारच्यानं सांगितलं. पोरीनं थर्मामीटर असा वर धरला, म्हणत एकानं काटा चिकटलेलं बोट वर धरून दाखवलं.

माझ्या हातात भाताची परात होती. मी ती खाली ठेवली.

मी सांगितलं. आवाज न चढवता, पहिल्यापासून. घसा, गाठी, तीन वर्षं, मग गप्प झालेलं अंग. ताप गेला तेव्हा ती बरी झाली नव्हती, तिच्या अंगातलं लढणारं थकलं होतं. म्हणून शेवटीही, छाती भरली तरी, ताप आला नाही. चहात तिनं बुडवला होता, कारण तुम्ही दुसरं काही मानत नव्हता आणि मीही मानत नव्हते. ती आजारी होती. बारा वर्षं, रोज. जाळ्यात उभी असायची तेव्हाही. मी त्या दिवशी खोटं बोलायला हवं होतं, आणि नंतर दोन वर्षं खरं बोलायला हवं होतं, ते दोन्ही माझ्यानं झालं नाही.

सगळे खायचे थांबले होते. कोणी हसलं नाही. श्यामलालकाकांनी डाव्या हातानं डोळे पुसले आणि समजूतदारपणे मान हलवली, पोरीच्या दुःखाला हलवतात तशी. बाबा पंगतीच्या टोकाला पाठमोरे उभे होते, त्यांनी तोंड फिरवलं नाही. पाळीवर बगळे माशांच्या आतड्यांसाठी भांडत होते, त्यांचा आवाज तेवढा येत होता.

मोठी माय वाढता वाढता माझ्याजवळ आली. तिच्या हाताला कालवण लागलेलं होतं. तो हात तिनं लुगड्याला पुसला आणि माझ्या कपाळावर उलटा ठेवला. हात ओलसर होता आणि त्याला मरळीचा वास येत होता. ती थोडा वेळ तसाच धरून राहिली, डोकं एका बाजूला करून, लक्ष देऊन.

"नाई," ती पंगतीकडे पाहून म्हणाली. "काई नाई हिले."

आणि लोक पुन्हा जेवायला लागले.